भाज्या-फळं नक्की कशी धुता? आणि कितपत?

सई_शिवडी
मंडळी, आमच्या घरात सध्या भाजी धुण्यावरून तीन पक्ष पडलेत. साबा (सासूबाई) सगळं हळद-मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. नवऱ्याने भाज्या धुवायचं कसलंसं द्रावण ऑनलाइन मागवलंय. हिरवी बाटली, लिंबाचा वास, किंमत सांगत नाही. आणि कामाच्या मावशी भाजी आधी चिरतात, मग चाळणीत घालून नळाखाली धरतात, चाळण दोनदा हलवली की झालं. तिघांनाही खात्री आहे की बाकीचे दोघं घराला आजारी पाडणार.

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो गटारात पालक धुणारा माणूस हजर होतोच. दरवर्षी तोच माणूस, तोच पालक, फक्त स्टेशनचं नाव बदलतं. त्याचं सोडून द्या. मला एवढंच विचारायचंय की माती, रोगजंतू आणि फवारणीचं औषध ही तिन्ही एकाच धुण्यात जातात का? की प्रत्येकाचा उपाय वेगळा? कच्चं खायचं आणि शिजवायचं यात तुम्ही फरक करता का?

एक अट आहे. आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि दीड तासात जातं, मग दिवसभर टाकीचं. त्यामुळे 'वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं' असलं उत्तर देणाऱ्यांनी सोबत बादली भरून पाठवावी.

खडूस_बटाटा
मला तर सोलूनच टाकतात. माझा पास.

आत्याबाई
सई, मावशींना तेवढं एक सांग, चिरून धुवायचं नाही. आधी निवडणं, मग धुणं, मग निथळणं, मग चिरणं. चिरलेल्या भाजीतून जीवनसत्त्वं पाण्याबरोबर वाहून जातात. भेंडीचं तर विचारूच नको, चिरून धुतली की कढईत नुसती तार सुटते.

पालेभाजीची जुडी आधी सोडायची. बांधलेल्या जुडीवर कितीही पाणी ओता, मधली माती जागची हलत नाही. मुळं नि पिवळी पानं काढून पाला मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवायचा, हाताने खालीवर करायचा, जरा थांबायचं आणि मग पाला वर उचलून घ्यायचा. बऱ्याच मुली पातेलंच चाळणीवर उपडं करतात. अगं, तळाला बसलेली रेव परत पाल्यावर ओतलीस की! मग जेवताना दाताखाली कचकच. पातेल्याच्या तळाला बोट फिरवून बघायचं, काही लागेनासं झालं की बस. पावसाळी पालकाला तीन-चार पाणी सहज लागतात.

सगळ्यात त्रासाची आपली समुद्रमेथी. ती बोटभर उंचीची, मुळांसकट मिळणारी. रेतीतच वाढते ती. मुळं कापल्याशिवाय पाण्यात घालायचीच नाही.

पुणेरी_पाहुणा
आमच्याकडे आम्ही भाजी धुवत नाही. भाजीवालाच आम्हाला धुतो.

खडूस_बटाटा
हसून हसून पुरेवाट. दुपारी १ ते ४ सोडून ना?

गिरगाव_चाळकरी
लहानपणी चाळीत द्राक्षं आली की आजी पोटॅशच्या पाण्यात टाकायची. पोटॅश म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. काड्यापेटीत पुडी बांधून फळीवर ठेवलेली असायची. दोन कण टाकले की घमेल्यात जांभळ्या रेघा खाली उतरत जायच्या, आम्ही पोरं ते बघायला गर्दी करायचो. द्राक्षांत कुणाला रस नसायचा. पूर्वी कॉलऱ्याची साथ आली की विहिरीतही हेच टाकत, त्यामुळे त्या पिढीचा त्याच्यावर भारी विश्वास. आता कुणी वापरतं का? केमिस्टकडे मागितलं तर तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला.

रसायनकाका
@चाळकरी, तुमच्या आजींचा अंदाज हातात बसलेला होता, तुमचा-माझा नाही. परमँगनेट जोरकस ऑक्सिडीकारक आहे. प्रमाण जास्त झालं तर फळ तपकिरी पडतं, आणि ओल्या हाताला स्फटिक लागला तर चामडी भाजते. घरी तोलून-मापून वापरणं कुणाला जमत नाही. राहू दे आठवणीतच.

सईताई, आता तुमच्या नवऱ्याच्या हिरव्या बाटलीकडे येतो. अमेरिकेत कनेटिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने असली धुण्याची द्रावणं आणि साधं नळाचं पाणी यांची तुलना केली होती. १२ कीटकनाशकांपैकी ९ साध्या पाण्यानेच लक्षणीय कमी झाली, आणि द्रावणं पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत. मुख्य काम पाण्याचा वेग आणि घासणं यांनी होतं. औषध पाण्यात विरघळतं की नाही याचा त्यात फारसा संबंध दिसला नाही.

दुसरं, खायचा सोडा. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने केलेला प्रयोग व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धाच फिरतो. त्यांनी गाला जातीच्या सफरचंदांवर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावलं, २४ तास ठेवलं आणि मग धुतलं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा घातलेलं पाणी साध्या पाण्याहून आणि क्लोरीनच्या पाण्याहूनही भारी ठरलं. पृष्ठभागावरचं औषध १२ ते १५ मिनिटांत गेलं. पुढचा भाग मात्र कुणी पाठवत नाही. थायाबेंडाझोलचा सुमारे २० टक्के अंश सालीच्या आत मुरला होता, तो सोड्यानेही निघाला नाही. फॉस्मेटचा ४.४ टक्के.

म्हणजे सोड्याचा उपयोग आहे, पण तो दोन औषधांवर आणि एका फळावर तपासलेला. प्रत्येक भाजीला तेच लागू पडेल असं नाही. करायचंच असेल तर लिटरला दोन लहान चमचे, पाव तास, नंतर साध्या पाण्याने खळखळून. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, काळं पडेल. आणि खायचाच सोडा हं, धुण्याचा नव्हे.

सई_शिवडी
काका, हे साबांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मीठ-हळद?"

रसायनकाका
मिठाच्या पाण्याने काही औषधं साध्या पाण्यापेक्षा थोडी जास्त सुटतात. हळद त्या पाण्याला रंग देते. (गंमत आहे, हलकं घ्या, साबांनाही सांगा.)

आत्याबाई
रसायनकाका, हळदीवर जाऊ नका. फ्लॉवरचे तुरे सुटे करून कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले की अळ्या बाहेर येतात, हे मी रोज डोळ्यांनी बघते. हळद नाही घातली तरी येतात हे मान्य.

निफाडकर
द्राक्षांचा विषय निघाला म्हणून लिहितो. घरची बाग निफाडला, मी नोकरीसाठी कांजूरला.

आधी एक गैरसमज. मण्यावर जी पांढरी भुकटी दिसते ती सगळी औषधाची नसते. द्राक्षाला स्वतःची मेणासारखी लव असते. ती शाबूत असेल तर घड कमी हाताळलाय, ताजा आहे असं आम्ही समजतो. औषधाचे डाग वेगळे दिसतात, वाळलेल्या थेंबासारखे गोल, मण्याच्या खालच्या बाजूला जमलेले. लव बोट फिरवलं की एकसारखी पुसली जाते.

आता फवारणीचं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डावणी आणि भुरी या दोन रोगांनी झोप उडते, त्यात पाऊस झाला तर रात्री उठून फवारावं लागतं. औषधं दोन प्रकारची. स्पर्शजन्य औषध पानावर, मण्यावर बाहेरून बसतं, ते पाण्याने बऱ्यापैकी निघतं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत शिरतं आणि रसाबरोबर फिरतं. ते कुठल्याच बाटलीने, सोड्याने, हळदीने निघत नाही. त्याचा उपाय शेतातच आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस गेले की अंश आपोआप उतरतो. शेतकऱ्याने ते पाळलं तर तुमचं निम्मं काम झालं.

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले होते. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो, वेलीची वाढ रोखायला मारतात. माल अडकला, निर्यातदार बुडाले, बागायतदारांचे पैसे राहिले. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत काय मारायचं, कधी थांबायचं याची शिस्त फार कडक झाली. दादर-भायखळ्याला जो माल येतो त्याची इतकी कसून तपासणी होत नाही, हे खरं आहे. पण म्हणून शहरातल्या माणसाने शेतकरी विष पिकवतो म्हणावं हेही बरोबर नाही. डाग नको, अळी नको, मणी एकसारखा हवा, भाव कालचाच हवा, आणि फवारणीही नको, हे सगळं एकाच घडात मिळत नाही.

धुण्याचं म्हणाल तर आम्ही घड तसाच धुवत नाही. कात्रीने चार-पाच मण्यांचे झुबके करायचे, पातेल्यात बुडवून हलवायचे, मग चाळणीत नळाखाली धरायचे. मणी देठापासून ओढून काढला तर भोक पडतं आणि धुण्याचं पाणी आत जातं.

भायखळ्याची_मैना
निफाडकरदादा, +१. डाग नसलेली वांगी मागणाऱ्यांत मीही आहे, आता जरा डागाळलेली घेईन म्हणते. भाव कमी करून देतील का ते बघू.

फोर्टातला_कारकून
तुम्ही सगळे घरी चार पाणी, सोडा, मीठ करता आणि दुपारी ऑफिसखाली सँडविच खाता. त्यातली काकडी, टोमॅटो, बीट आणि ती हिरवीगार चटणी किती पाण्यांनी धुतली असेल? मी आजवर एकाही सँडविचवाल्याकडे नळ पाहिलेला नाही. बादली असते. सकाळची.

खडूस_बटाटा
त्या बादलीला चव असते. उगाच तिला नावं ठेवू नका.

परीक्षानळी
बटाटेभाऊ, त्या बादलीची चव नंतर आमच्याकडे बाटलीत भरून तपासायला येते. :) परळच्या एका रुग्णालयात लॅबमध्ये आहे. सईने माती, जंतू, औषध असे तीन भाग केले ते बरं केलं. औषधाचं काका आणि निफाडकर यांनी सांगितलं, मी जंतूंचं सांगते.

पावसाळ्यात टायफॉइड, गॅस्ट्रो, हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ यांचे नमुने वाढतात. बराचसा दोष पाण्याचा, पण त्याच पाण्याने धुतलेली कोथिंबीर आणि काकडीही त्यातच आली. जी भाजी नीट शिजणार आहे तिची जंतूंच्या अंगाने फार काळजी करू नका, उकळी आपलं काम करते. तिथे माती आणि औषधापुरतं धुवा. सगळा जोर कच्च्या गोष्टींवर लावा. कोशिंबीर, चटणी, वरून पेरलेली कोथिंबीर, पुदिना, सालासकट खायची फळं.

साध्या पाण्याने जंतू मरत नाहीत, कमी होतात. ते सालीला चिकटून बसतात, बादलीच्या आतल्या बुळबुळीसारखा थर करतात. बादली नुसती विसळून बुळबुळ जात नाही, घासावी लागते, तसंच हे. म्हणून काकडी, गाजर, सफरचंद, पेरू हाताने चोळून धुवा. बटाटा, रताळं, सुरण यांना वेगळा ब्रश ठेवा. आणि धुतल्यावर स्वच्छ कापडाने पुसा, पुसण्यानेही जंतू आणखी कमी होतात. ही पायरी घरोघरी गाळली जाते.

साबण आणि भांड्यांचं लिक्विड अजिबात नको. सालीला बारीक छिद्रं असतात, साबण आत राहतो आणि पोटात जातो. २०२० साली लोकांनी टोमॅटोला फेस काढला होता, तेव्हा एफएसएसएआयनेही, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही, साबण वापरू नका असं सांगितलं होतं. त्यांचा सल्ला होता पिण्यायोग्य पाण्याने धुवा, किंवा कोमट पाण्यात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीन घालून त्यात बुडवा. क्लोरीनचे थेंब घेतलेत तर बाटलीवर भाज्यांसाठी लिहिलेलं प्रमाणच घ्या, पिण्याच्या पाण्याचं प्रमाण वेगळं असतं. नंतर साध्या पाण्याने धुवायचं.

सई_शिवडी
आणि तो कोबीतला किडा, जो मेंदूत जातो म्हणतात? आमच्या शेजारच्या काकूंनी कोबी बंदच केलाय.

परीक्षानळी
याच प्रश्नाची वाट बघत होते. कोबीत दिसणारी हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची पिल्लावळ. ती चुकून पोटात गेली तर पचून जाते, मेंदूबिंदूत कुठेही जात नाही.

मेंदूत गाठी होतात त्या टीनिया सोलियम नावाच्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. हा कृमी डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्लेल्या माणसाच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मैलापाणी शेतात गेलं की अंडी भाजीवर. ती पोटात गेली की त्यातून निघालेला गर्भ रक्तातून स्नायूंत, मेंदूत जाऊन बसतो, आणि माणसाला अचानक फिट येते. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. घरातल्या कुणाच्या पोटात तो कृमी असेल आणि त्याने हात न धुता पोळ्या लाटल्या तर त्यातूनही होतो. तेव्हा सगळं खापर कोबीवर नको.

अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. क्लोरीन किंवा व्हिनेगरने मरतील असा भरवसा नाही. त्यांना दोनच उपाय, पानं सुटी करून चोळून धुणं म्हणजे ती निघून जातात, आणि शिजवणं म्हणजे उरलीसुरली मरतात. काकूंना सांग, कोबीची बाहेरची दोन-तीन पानं टाका, बाकीची एकेक सोडवून धुवा आणि खुशाल भाजी करा. कच्च्या कोबीचं सॅलड, गाडीवरच्या चायनीजमधला वरून घातलेला कोबी यांना मात्र मी हात लावत नाही.

कल्याण_लोकल
रुळांकडेच्या पालकाबद्दल अजून कुणीच बोललं नाही? लोकलमधून रोज दिसतो. माठ, पालक, मुळा, शेजारी काळं पाणी वाहतंय.

रुळावरचा_माळी
मी रेल्वेत आहे, म्हणून बोलतो. ती जमीन रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेतली. रुळांलगतच्या मोकळ्या जागेवर झोपड्या पडू नयेत म्हणून ती गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांना लागवडीला द्यायची, असा मूळ विचार. माझ्या ओळखीचा एक गँगमन स्वतः पिकवायचा, विहिरीचं पाणी घ्यायचा आणि तीच भाजी घरी खायचा. पुढे बऱ्याच तुकड्या दुसऱ्यांच्या हातात गेल्या आणि पाणी मिळेल ते वापरलं जाऊ लागलं, हे मी नाकारत नाही. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

रसायनकाका
माळीबुवा, तुमच्या गँगमनला नमस्कार. पण सईताईंच्या प्रश्नाला इथे वेगळं उत्तर आहे. पाण्यात शिसं, कॅडमियमसारखे जड धातू असतील तर ते मुळांतून पानात जातात, आणि पालेभाज्या ते जास्त ओढतात. तिथे धुण्याचा किंवा उकळण्याचा काही उपयोग नाही. भाजी कुठून आली हे विचारणं एवढंच हातात उरतं.

कल्याण_लोकल
विचारलं होतं. "नाशिकचा आहे साहेब." मुळांची माती अजून ओली होती.

गिरगाव_चाळकरी
मुंबईतली प्रत्येक भाजी नाशिकची, प्रत्येक आंबा देवगडचा.

वसईची_लेक
अवांतर, पण रानभाज्यांचा हंगाम आहे म्हणून. स्टेशनबाहेर पालघर-वाड्याकडच्या बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं घेऊन बसतात. यांच्यावर फवारणी नसते, पण माती आणि किडे भरपूर. फोडशीचा पांढरा दांडा उभा चिरून आतला कडक भाग काढायचा आणि पानांच्या बेचक्यात अडकलेली माती धुवायची, नुसती बुडवून निघत नाही. शेवळं कितीही धुतलीत तरी खाज जात नाही, तिला काकडं ही आंबट रानफळंच लागतात. माहीत नसलेल्या माणसाने 'ऑरगॅनिक' म्हणून उचलू नयेत, जीभ आठवणीत ठेवेल.

आत्याबाई
काकडं नसतील तर चिंच-कोकम. पण चव ती नाही. वसईकरीण, वेगळा धागा काढ यावर.

पुणेरी_पाहुणा
जाता जाता, आंबे पाण्यात का टाकतात? आमच्याकडे 'उष्णता जाते' म्हणतात. उष्णता गेलेली कुणी पाहिलीये?

रसायनकाका
उष्णतेचं माहीत नाही, चीक जातो. देठाजवळचा चीक ओठांना लागला की काहींना पुरळ उठतं. तासभर पाण्यात ठेवून देठाकडचा भाग चोळून धुतला की तो निघतो. कॅल्शियम कार्बाइडने, म्हणजे बाजारात ज्याला मसाला म्हणतात त्याने फळ पिकवायला बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत. सालीवर राखाडी भुकटी दिसली तर धुण्याच्या भानगडीत न पडता परत द्या.

भायखळ्याची_मैना
आणि कलिंगड? साल तर टाकायचीच असते, मग का धुवायचं?

परीक्षानळी
कारण सुरी सालीतून आत जाते आणि सालीवरचं सगळं गरात नेते. २०११ साली अमेरिकेत खरबुजांतून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला, त्यात ३३ माणसं गेली. कलिंगड, खरबूज, पपई, अननस, सगळं कापण्याआधी चोळून धुवा. ज्या विळीवर मासळी केली तिच्यावर कलिंगड नको. आणि चकचकीत हिरव्या भेंडीचा संशय आला तर कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून भेंडीवर घासा. बोळा हिरवा झाला तर मॅलॅकाइट ग्रीन हा भेसळीचा रंग आहे. एफएसएसएआयनेच सांगितलेली चाचणी आहे ही.

सफरचंद_खाऊ
सफरचंदाला मेण असतं ते? नखाने खरवडलं की पांढरं निघतं.

रसायनकाका
बहुतेक वेळा कार्नोबा, लाख किंवा मधमाश्यांचं मेण, कायद्याने चालणारं आणि खाल्लं तरी पचनात न अडकता निघून जाणारं. कोमट पाण्यात चोळून फडक्याने पुसा. नाहीच पटलं तर सोला.

खडूस_बटाटा
सोला. स्वागत आहे मंडळात.

सई_शिवडी
सगळ्यांचे आभार, धागा भरकटला तरी कामाचा निघाला. घरात बैठक झाली. ठरलं ते असं: शिजवायच्या भाज्या टाकीच्या पाण्यात, आत्याबाईंच्या पद्धतीने, बुडवून वर उचलायच्या. कच्चं खायचं ते शेवटी फिल्टरच्या पाण्याने विसळून पुसायचं, कारण आमची टाकी शेवटची कधी धुतली हे सेक्रेटरींनाही आठवत नाही. सफरचंद, द्राक्षांना पाव तास सोडा. मावशी म्हणाल्या, "ताई, आधी धुवून मग चिरायला माझी हरकत नाही, पण मी येते तेव्हा भाजी निवडून ठेवलेली असेल का?" नवरा लगेच बाल्कनीत गेला. हिरव्या बाटलीचं काय करायचं ते अजून ठरायचंय.

भायखळ्याची_मैना
मावशींचं बरोबर आहे. तासाभरात पोळी-भाजी उरकून पुढचं घर गाठायचं आणि वर तुमची चार पाणी. पालक रात्री निवडून ठेवणं घरच्यांचं काम.

आत्याबाई
निवडून ठेवा, पण धुवून नको. ओला पाला फ्रीजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी काळा पडतो. निवडलेली कोथिंबीर कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची आणि लागेल तेवढी आयत्या वेळी धुवायची. आणि ते भाजीचं पाणी मोरीत ओतू नकोस गं, कुंड्यांना घाल. मिठाचं नि सोड्याचं सोडून.

सफरचंद_खाऊ
महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पण आयत्या वेळीच?

आत्याबाई
हो, आणि देठ न काढता धुवायची. देठ आधी काढलास तर खळग्यातून पाणी आत शिरतं, मग मिल्कशेकच करावा लागेल.

परीक्षानळी
टोमॅटोचंही तसंच. बाहेर उन्हात तापलेला टोमॅटो एकदम गार पाण्यात टाकला तर देठाच्या जागेतून पाणी आत ओढून घेतो, जंतूंसकट. घरच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग धुवायचा.

फोर्टातला_कारकून
आज सँडविचवाल्याला विचारलं, टोमॅटो कधी धुतले? म्हणाला, "साहेब, टोस्ट करून देऊ का?" घेतलं टोस्ट करून.